रत्नाकररावांचे दोन हजार श्रोते

आता सांगा, बावीस वर्षं ज्या माणसानं एका सभेत अभंग गायले, त्याला कुणी विचारावं का, की तुमचे सबस्क्रायबर किती? पण विचारलं. रेल्वेतून निवृत्त झालेले रत्नाकरराव चेन्नईत वेस्ट मांबलमच्या त्या सभेत, म्हणजे गाण्याच्या संस्थेत, दर डिसेंबरला एक तास गायचे. वर्षभर त्या एका तासावर जगायचे म्हणा ना. यंदा नवे सेक्रेटरी आले, विजयकुमार. बोलायला अगदी गोड. म्हणाले, रिकाम्या खुर्च्यांना कमिटी कंटाळलीय. दिवाळीपर्यंत यूट्यूबवर दोन हजार माणसं दाखवा, तास तुमचा.

रत्नाकररावांना चॅनेल म्हणजे टीव्हीचं, एवढंच ठाऊक. त्यांची भाची रेवा गिंडीला नोकरीला होती, रविवारी जेवायला यायची. तिनं सगळं अंगावर घेतलं. मामा, आलाप नको, पहिल्या पाच सेकंदांत अभंग सुरू झाला पाहिजे. मामा, खिडकीकडे तोंड करून बसा. रोज संध्याकाळी सातलाच टाकायचं, आणि कुणी दोन शब्द लिहिले तर उत्तर द्यायचं. आलापाशिवाय अभंगात शिरायचं म्हणजे रत्नाकररावांच्या जिवावर यायचं, पण तेही केलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ना, तसं.

दोन महिने हे चाललं. माणसं जमली एकशे चौसष्ट. त्यातली निम्मी रेवाच्या ऑफिसातली, भिडेखातर आलेली.

गंमत म्हणजे, गाणं सगळ्यांनी ऐकलेलं. मांबलम स्टेशनाजवळ भाजी घेताना राणोजी भेटले, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरला राहिलेल्या मराठी घरातले. त्यांनी परवाच्या अभंगातली जागा तिथेच, दोडक्यांच्या ढिगापाशी, गुणगुणून दाखवली. सांगलीहून मेव्हण्याचा फोन आला, की पाठ झालंय. मग ही माणसं आकड्यात दिसत का नाहीत? रत्नाकररावांना झोप लागेना.

दिवाळीला चार दिवस उरले असताना रेवाला उलगडा झाला. चित्रण व्हायचं कुमुदिनीमामींच्या फोनवर. मामी रोज तोच अख्खा व्हिडिओ सतरा ग्रुपांवर धाडत होत्या. महाराष्ट्र मंडळ, भिशी, जुने रेल्वे क्वार्टर्स, माहेर, सगळीकडे. नुसती लिंक पाठवायची म्हणजे पाहुण्याला स्वयंपाकघर दाखवून तूच वाढून घे म्हणण्यासारखं, असं त्यांचं मत. द्यायचं तर हातात द्यावं. ताट घरपोच मिळाल्यावर चॅनेलकडे फिरकतंय कोण?

रेवानं कपाळावर हात मारला. ती उठून स्वयंपाकघरात जायला निघाली, तशी रत्नाकररावांनी तिचा हात धरला. आत मामी चकल्या पाडत होत्या आणि मामांचाच अभंग म्हणत होत्या. तिला यातलं काही कळता कामा नये, एवढंच ते म्हणाले.

दिवाळी झाल्यावर ते एकटेच सभेत गेले. विजयकुमारांनी कॉफी मागवली, आपला फोन काढला आणि रत्नाकररावांचाच अभंग त्यांना ऐकवला. कुणाकडून तरी फिरत आला होता. घरी आई रोज पूजेच्या वेळी लावते, मराठीचं अक्षर कळत नाही तरी डोळे पुसते, असं त्यांनी सांगितलं. रत्नाकररावांचा जीव भांड्यात पडला. मग हाच पुरावा धरा, ते म्हणाले.

विजयकुमारांनी फोन उलटा ठेवला. "सर, ऐकलंय सगळ्यांनी. पण कमिटीला आकडा लागतो, तो मी कुठून आणू?"

तास एका चाळीस हजार सबस्क्रायबरवाल्या मुलीला गेला होता. भांडायचं तरी कुणाशी? समोरचा माणूस हात जोडून उभा होता. रत्नाकररावांनी कॉफी संपवली आणि घरी आले. उभ्या आयुष्यात एवढं हतबल त्यांना कधी वाटलं नव्हतं.

कुमुदिनीबाई दारातच होत्या. "झालं ना काम? मीही काही कमी माणसांना पाठवलं नाही हो."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून रत्नाकररावांच्या तोंडून खरं निघेना. "तुझ्यामुळेच तर सगळीकडे पोहोचलं गं," ते म्हणाले.

बाईंनी तेवढ्यावरच काम झालं असं धरलं. फोन घेतला आणि सतराही ग्रुपांवर कळवून टाकलं, की डिसेंबरात सभेत यांचं गाणं आहे, सगळ्यांनी यायचंच. रत्नाकरराव थांब म्हणायला गेले, तोवर पहिलं अभिनंदन आलंही होतं. सांगलीचा मेव्हणा तिकिटं काढतो म्हणत होता.