बोटांच्या बेचक्यांत

दिवाळीची सुट्टी संपवून शालू सांगलीला परत आली, तेव्हा तिच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं. घरी ती थोरल्या भावाच्या पोरांना कुशीत घेऊन निजली होती. पोरं सारखी अंग खाजवायची. पण मेढ्याकडच्या डोंगरात थंडी पडली की पोरांची कातडी उलतेच, असं वहिनी म्हणाली आणि शालूनंही पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. सांगलीच्या एका इस्पितळात नर्सिंगचं तिचं दुसरं वर्ष चालू होतं आणि आरोग्यशास्त्रात ती वर्गात पहिली होती.

तिचा नवरा लढाईत आफ्रिकेत पडला होता. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिचे वडील लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. लेकीनं पांढऱ्या कपाळानं चुलीपुढं जन्म काढावा, हे त्यांना पटेना. पलटणीच्या दवाखान्यात त्यांनी नर्सबाया पाहिल्या होत्या. भावकी म्हणाली, "लालासाहेबानं लेकीला परक्याची घाण काढाया धाडली." त्यांनी ऐकून सोडून दिलं आणि तिला स्वतः आणून सांगलीत पोचवलं. आता जावळीच्या बाजारात कुणी भेटलं की ते आपण होऊन सांगत, "आमची शालू इस्पितळात हाय."

शिकणाऱ्या मुलींवर राहीबाई सिस्टर देखरेख करायच्या. मुलींना त्यांचा धाक होता. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "पाणी उकळून प्यायचं, नखं कापायची, दूध टाकायचं नाही, झोप मोडायची नाही. तुम्हीच आडव्या झालात तर रोग्याला कोण बघणार? आणि ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, काहीही झालं तरी आधी मला येऊन सांगायचं. तुम्ही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाता. तुमच्याबरोबर काय काय जातं ते तुम्हाला दिसत नाही."

शालूला हे सगळं पाठ होतं. वसतिगृहातल्या मुलींची ती मॉनिटर होती. नव्या मुलींची नखं तीच तपासायची.

पहिल्या वर्षी तिच्या शेजारच्या खाटेवरच्या सलिमाच्या डोक्यात उवा निघाल्या होत्या. सलिमा शिरवळची. तिचे वडील सिकंदर मणेर आठवड्याच्या बाजारांतून बांगड्या विकायचे. उवांचं कळल्यावर शालूनं दोरीवरचा आपला टॉवेल ओढून काढला होता, सगळ्यांना दिसेल असा.

"उवा कुणालाबी होतात," सलिमा हळूच म्हणाली होती.

"आमच्यात नाही होत," शालू म्हणाली होती आणि मुली हसल्या होत्या.

मार्गशीर्षात शालूच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग मनगटाला, मग कमरेला. अंथरुणात ऊब आली की खाज वाढायची. बारीक पुरळ आणि त्याच्या कडेची नखभर नागमोडी रेघ तिनं उजेडात धरून पाहिली आणि तिला कळून चुकलं. खरूज. पुस्तकात हे सगळं होतं. मानेखाली सगळ्या अंगाला गंधकाचं मलम, कपडे आणि अंथरूण उकळणं, आणि बरं होईपर्यंत वेगळं राहणं.

ती सिस्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत दुसऱ्या कुणाशी तरी बोलणं चाललं होतं. ती थोडा वेळ थांबली आणि परत फिरली. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. संक्रांतीनंतर तिला बाळंतिणींच्या वॉर्डात घालणार होते. वडिलांनी ते गावभर सांगून ठेवलं होतं. आणि खरूज झाली असं कोणत्या तोंडानं सांगायचं? खरूज घाणेरड्या माणसांना होते, असंच तिच्या घरी म्हणत. पुस्तकात तसं कुठं नव्हतं, तरी तिला ते पुस्तकापेक्षा खरं वाटत होतं.

ती कार्बोलिक साबणानं हात घासू लागली. करंजाचं तेल लावून पाहिलं. खाज काही हटली नाही. वॉर्डात ती हात पाठीमागं धरून उभी राहू लागली.

पौषात थंडी वाढली. पुस्तक दोघींत एकच असल्यामुळं शालू आणि सलिमा एकाच खाटेवर, एकच रग पायांवर घेऊन अभ्यास करायच्या. उवांची गोष्ट सलिमानं कधी काढली नव्हती. संक्रांत होऊन गेली आणि सलिमाचे हात खाजू लागले. ती त्याच सकाळी सिस्टरांकडे गेली आणि हात पुढं केले. सिस्टरांनी तिला मागच्या अंगणातल्या वेगळ्या खोलीत ठेवलं.

दुपारी जेवताना मनुबाई नावाची मुलगी म्हणाली, "बकरी ईदला घरी गेली होती ना? तिथूनच आणली असणार." आणि तिनं शालूकडं पाहिलं. सगळ्याच मुलींनी पाहिलं. मॉनिटर काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं.

"असेल," शालू म्हणाली.

सलिमाचं अंथरूण उकळायचं काम मॉनिटर म्हणून तिच्याच वाट्याला आलं. हंड्यात सलिमाची रंगीत दुलई होती. शालू काठीनं ती ढवळत राहिली. दुलईचा तांबडा रंग उतरून सगळं पाणी लाल झालं. चुलीच्या धगीनं शालूच्या मनगटाची खाज अनावर झाली, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं मनगट हंड्याच्या काठावर घासलं.

दोन-तीन दिवसांनी सलिमाचं जेवण घेऊन जायची तिची पाळी आली. दारातूनच ताट आत सरकवायचं होतं. सलिमा भिंतीला टेकून बसली होती.

"काल अब्बा आले होते," ती म्हणाली. "घरातल्या समद्यांची अंगं बघितली म्हणाले. कुणालाच काही न्हाई. मग मला आलं कुठनं?"

ताट खाली ठेवताना शालूचा पदर हातावरून सरकला. सलिमा तिच्या बोटांकडं पाहत राहिली. शालूनं हात मागं घेतला, पण उशीर झाला होता.

"कधीपासून?" सलिमानं विचारलं.

शालूनं पदर पुन्हा हातावर ओढला.

"माझ्याआधी?"

"सलिमा, तू सांगू नकोस. मी सांगते. मला थोडा वेळ दे."

सलिमा उठली. कोनाड्यातली मलमाची डबी घेऊन तिनं उंबऱ्यावर ठेवली. "मानेपासून तळव्यापर्यंत लाव. कपडे उकळ. आणि मी न्हाई सांगणार. तूच सांग."

शालूनं मलम लावलं, पण चोरून. गंधकाचा वास येऊ नये म्हणून ती कामावर जाण्याआधी ते धुऊन टाकायची. कपडे उकळलेच नाहीत, कारण मुलींनी का म्हणून विचारलं असतं. खाज थोडी कमी झाली. गेली एकदाची, असं तिनं स्वतःला सांगितलं. सलिमा बरी होऊन परत आली. मनुबाईनं तिच्या खाटेपासून आपली खाट लांब ओढली. सलिमा रोज शालूकडं बघायची आणि शालू काहीतरी काम काढून उठायची. पुढं सलिमानं बघणंही सोडलं.

ठरल्याप्रमाणं शालूला बाळंतिणींच्या वॉर्डात घातलं. तिथं रंगूबाई नावाची बाई होती. कवठ्याकडची. बाळंतपणानंतर तिला ताप धरला होता आणि मूल अशक्त होतं, म्हणून दोघांना महिनाभराहून जास्त ठेवलं होतं. त्या मुलाला शालूच न्हाऊ घालायची, पुसायची, कापडात गुंडाळायची. ते तिच्याकडं आलं की रडायचं थांबायचं.

फाल्गुनातल्या एका सकाळी तिनं कापड सोडलं आणि मुलाचे तळपाय बघून तिचे हात जागीच थांबले. तळपायांवर, तळहातांवर, बारीक पाणी धरलेले फोड होते. मूल पाय एकमेकांवर घाशीत होतं.

रंगूबाईनं ते आदल्या दिवशीच पाहिलं होतं. ती ओशाळून बोलू लागली. "बाई, माझीच चूक हाय ही. तापात मी लय दिस अंग धुतलं न्हाई. माझ्याच अंगाची घाण लेकराला लागली. सिस्टरबाईंना सांगू नगा, त्या रागं भरतील."

शालूला तिच्याकडं बघवेना. आजारातून नुकती उठलेली ती बाई आपली चूक नसताना गयावया करत होती, आणि करत होती शालूपुढं.

"तुमची चूक नाही," शालू म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही.

तेवढ्यात राहीबाई सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी मुलाचे पाय हातात घेतले, बोटं फाकवून पाहिली आणि वॉर्डातल्या सगळ्या मुलींना हाक मारली. "हात दाखवा."

शालू पहिली पुढं झाली. तिनं दोन्ही हात पुढं केले. सिस्टरांनी बेचक्या पाहिल्या, मनगट उलटं करून पाहिलं.

"हे नवं नाही. कधीपासून?"

"मार्गशीर्षापासून."

"आणि सलिमा?"

"तिला माझ्यापासूनच झालं."

सिस्टरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं शालूला वाटलं. त्या म्हणाल्या, "हे आधी या बाईंना सांग. तिकडं तोंड करून."

शालू रंगूबाईकडं वळली आणि तिनं सांगितलं. रंगूबाईला सगळं समजायला वेळ लागला. मग तिनं मूल उचलून छातीशी धरलं. "बरं होईल न्हवं?" एवढंच तिनं विचारलं, आणि तेही सिस्टरांना.

संध्याकाळी सिस्टरांनी सगळ्या मुलींसमोर तिला पुन्हा तेच सांगायला लावलं. मनुबाई मान खाली घालून उभी होती. मॉनिटरपण गेलं. बाळंतिणींचा वॉर्ड गेला. परीक्षा सहा महिने पुढं गेली. आणि सलिमा राहिली होती त्याच खोलीत शालूचं अंथरूण पडलं.

ती तिथं असतानाच लालासाहेब आले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सातारा रोडहून आगगाडीनं आलेले, खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, डोक्याला पलटणीत बांधायचे तसा फेटा. सिस्टरांनी त्यांना अंगणात बसवून झालेलं सगळं सांगितलं. मग ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"आबा, आत येऊ नका," शालू म्हणाली.

ते दारातच बसले. बसल्या बसल्याच ते डावं मनगट खाजवू लागले. शालूनं ते पाहिलं.

"आबा, तुमालाबी?"

त्यांनी हात बाहीत ओढून घेतला. मग म्हणाले, "समद्या घराला हाय. पोरांना, तुझ्या वैनीला. दिवाळीच्या आधीपासनं. दवाखान्यात जावं तर हवालदाराच्या घरात खरूज, म्हंतील लोक. म्हणून बसलो घर धरून." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्या पोरीला काय म्हणालीस तू?"

"काहीच न्हाई अजून."

लालासाहेब उठले. खोलीच्या खिडकीतून अंगण दिसायचं. सलिमा दोरीवर पट्ट्या वाळत घालत होती. शालूनं पाहिलं, की वडील तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. गावात कुणापुढं न वाकणारा तो माणूस, मणेराच्या लेकीपुढं हात जोडून काहीतरी बोलत होता. सलिमानं घाईनं पदर डोक्यावर घेतला आणि ती मागं सरली.

"आवं आबा, असं करू नका. तुमी का हात जोडता? खाली घ्या."

शालूला खिडकी लावून घ्यावीशी वाटली. पण ती पाहत राहिली. ते हात तिचे असायला हवे होते.

जाताना लालासाहेबांनी सिस्टरांकडून मलमाच्या डब्या घेतल्या आणि कपडे किती वेळ उकळायचे ते दोनदा विचारून घेतलं. शालूला ते एवढंच म्हणाले, "बरी हो. मग काम कर." आणि गेले.

आठवड्याभरात शालूची कातडी बरी झाली. रंगूबाईचं मूलही बरं झालं. त्याला घेऊन ती गावी गेली, तेव्हा शालू तिच्यासमोर गेली नाही. खोलीतून सुटल्यावर मात्र ती पहिल्यांदा सलिमाकडं गेली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उवांच्या वेळचंबी."

सलिमा पट्ट्यांच्या घड्या घालत होती. "ते तर मी विसरले होते," ती म्हणाली. "पण मुली ‘ईदला घरी गेली होती’ म्हणाल्या, आणि तू ‘असेल’ म्हणालीस. मनुबाईनंच मला सांगितलं. ते मला विसरता येत न्हाई."



त्यानंतर सिस्टरांनी दर सोमवारी हात तपासायची पद्धत सुरू केली. मुलींनी दोघी-दोघी समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकींची बोटं पाहायची. पहिल्या सोमवारी जोड्या भराभर लागल्या. शालूच्या समोर कुणीच आलं नाही. ती हात पुढं करून रिकाम्या जागेपुढं उभी होती, आणि ते हात खाली घ्यावेत की नाही हे तिला कळेना.

मग सलिमा आपल्या जोडीदारणीला सोडून तिच्यासमोर आली. तिनं शालूचं एकेक बोट बाजूला करून बेचक्या पाहिल्या, मनगट पाहिलं, कोपर पाहिलं. घाई केली नाही. शालूच्या चेहऱ्याकडं मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही.

"काही नाही," तिनं सिस्टरांना सांगितलं, आणि तपासायला स्वतःचे हात शालूपुढं धरले.