खांबाचं बाळंतपण

मित्रांनो, मी एक जुना नमदा आहे. म्हणजे लोकरीचा असा जाड तुकडा, जो विणण्याची तसदी कुणी घेतलेली नाही. नारीनच्या डोंगरात बायकांनी मेंढ्यांची लोकर गरम पाण्याने भिजवली, चटईत गुंडाळली आणि दिवसभर तिला लाथा मारल्या. मी घट्ट झालो. आमच्याकडे संस्कार असेच करतात.

पुढे कित्येक वर्षं मी तंबूची भिंत होतो. उन्हाळा आला की घोड्यावर बसून वरच्या कुरणात, थंडी आली की खाली. मग तंबूला नवी भिंत मिळाली आणि मला गोठ्यातल्या मोटारसायकलवर टाकण्यात आलं. ती बंद होती, हे मला कुणी सांगितलं नाही. मी बरेच दिवस निघायची वाट पाहिली.

एका कडाक्याच्या हिवाळ्यात घरच्या म्हातारीने, कानिमबूबू आपाने, मला बाहेर ओढलं. तिची मुलगी गुलझिना नदीपलीकडे दिलेली. तिला वसंतात बाळ होणार होतं, आणि दवाखाना अलीकडे. बर्फ वितळलं की नदी कुणालाच ओलांडू देत नाही. पूल हवा होता, आणि पुलाचा मधला खांब नदी आटलेली असतानाच, म्हणजे ऐन थंडीतच ओतावा लागतो. गेल्या वर्षी ताश्तानबेक गवंड्याने ओतला होता. त्यातलं काँक्रीट घट्ट होण्याआधीच गोठलं, आणि पुरात खांब चहातल्या बिस्किटासारखा गेला.

"नदी जरा जास्तच होती, आपा," ताश्तानबेक म्हणाला.

"नदी तेवढीच होती. तुझा खांब कमी होता."

या वेळी गावाने घरोघरचे चहाचे बंब, म्हणजे समोवार, आणून पाणी उकळलं, वाळू चुलीवर रव्यासारखी परतली, आणि वाफाळतं काँक्रीट फळ्यांच्या साच्यात ओतलं. मला वरून गुंडाळून दोरीने करकचून बांधलं.

ताश्तानबेकला धीर धरवेना. घडीघडी येऊन तो माझा कोपरा उचलायचा, आत बोट लावायचा, उसासा टाकायचा. त्याच्या बोटामागून वारा आत शिरायचा. मित्रांनो, खालून मला छान ऊब लागत होती. घट्ट होताना काँक्रीट स्वतःच तापतं. आतल्याला काही झालं नव्हतं, बाहेरच्यालाच ताप भरला होता. पण मला बोलता येत नाही, आणि तिथून हलताही येत नव्हतं. मी बांधल्या जागी नुसता तळमळत राहिलो.

शेवटी आपा तिपाई घेऊन खांबाशी येऊन बसली.

"आजपासून हे तान्हं बाळ," ती म्हणाली. "चाळीस दिवस उघडं करायचं नाही. तोंड बघायचं तर रीतीप्रमाणे हातावर काहीतरी ठेवायचं."

"आपा, हा खांब आहे."

"खांब झाला की सांग. तोवर बाळ."

ताश्तानबेकने खिशातून चॉकलेट काढलं. "एकदाच बघतो."

"चॉकलेट ठेव इथे. बघायला मेंढी लागेल."

मेंढीचं नाव निघाल्यावर कोपरा उचलणं थांबलं. पण बातमी पसरली आणि गाव भेटायला येऊ लागलं. कुणी तळलेले पाव आणले, कुणी छोटे लोकरीचे मोजे. एका म्हाताऱ्याने खांब कुणावर गेलाय, अशी चौकशी केली.

"उंचीला गवंड्यावर," आपा म्हणाली. "स्वभावाला जाऊ नये, एवढंच मागणं आहे."

चाळीस दिवस भरल्यावर मला सोडून काठावर टाकलं. वसंतात नदी आली. बर्फाचे तुकडे खांबावर धडकत होते आणि ताश्तानबेक काठावर नखं खात होता. नखं संपली. खांब उभाच होता. पुलाच्या फळ्या टाकून होतात न होतात तोच पलीकडून गुलझिना नवऱ्याच्या हाताला धरून निघाली, आणि बरोबर खांबावर येऊन खाली बसली. कळ आली होती.

"तिथे नको गं," आपा अलीकडून ओरडली. "तिथे एक आधीच झालंय."

गुलझिनाला हसू आलं, आणि हसता हसता ती उठून चालू लागली. मुलगी दवाखान्यात झाली. चाळीस दिवसांनी ताश्तानबेक तिला बघायला आला, तो मेंढी घेऊन. मग पुलावर गेला आणि खाली वाकून खांबही निवांत बघून घेतला. एका मेंढीत दोन.

माझ्या एका कोपऱ्यावर मात्र काँक्रीट सांडून घट्ट झालं. आता मी गुंडाळला जात नाही, म्हणून कुरणात कुणी नेत नाही. पुन्हा गोठ्यातच आहे.

मित्रांनो, नवं काही घट्ट होत असेल तर त्याला पांघरूण घाला, आणि सारखं उचकटून बघू नका. घरातला जुना नमदा गोठ्यात टाकू नका. टाकलाच, तर निदान मोटारसायकल चालू असलेली द्या.