पन्नास किलोंची पिशवी

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. ते निवृत्त झाले, पण कवायत काही निवृत्त झाली नाही. ती घरात येऊन बसली. उजवा खांदा निखळल्यापासून त्यांना स्वतःला भरली बादली उचलवत नव्हती, म्हणून सगळा जोर मुलीवर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, त्यातली गत.

मुलीला अग्निशमन दलात जायचं होतं. हे वेड तिचं स्वतःचं, बापाने भरवलेलं नव्हे, एवढं न्यायाने बोललं पाहिजे. दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी: पन्नास किलोंचा पुतळा खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचे. आता ही तिसरी खेप, आणि वयाच्या अटीप्रमाणे शेवटची.

मास्तरांनी जुन्या योद्ध्यांची आणि बर्फात गेलेल्या प्रवाशांची पुस्तकं बाहेर काढली. तोंडात घोटभर पाणी धरून तीन मैल पळायचं आणि शेवटी ते पेल्यात थुंकून दाखवायचं, म्हणजे नाकाने श्वास घ्यायची सवय लागते. उघड्या फरशीवर झोपायचं. सकाळी गार पाण्याच्या पिंपात गळ्यापर्यंत उभं राहायचं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वाळूची पिशवी. ती पाठीला बांधून जिने चढायचे, दर रविवारी दोन किलो वाढवायचे. "पूर्वीचे सैनिक लहानपणी चालायला लागले की लगेच ओझं उचलायचे," मास्तर सांगायचे, जसे काही स्वतः बघून आले होते.

पिशवी शिवली त्यांच्या बायकोने. ती शिंपीण, जिन्याखालच्या खोलीत बसून शाळांचे गणवेश शिवायची. दर रविवारी शिवण उसवून वाळू भरायची आणि पुन्हा टाके घालायचे, हेही तिच्याच गळ्यात. सुरुवातीला मास्तरांनी काट्यावर वजन करून घेतलं, मग बायकोच्या मापावर सोडून दिलं. पस्तीस वर्षांत तिचं माप कधी चुकलं नव्हतं.

पिशवी तीस किलोंवर गेली त्या आठवड्यात तिने मुलीच्या सदऱ्याचं माप घ्यायला खांद्यावर टेप टाकली, तशी मुलगी दचकली. पट्ट्यांखालची कातडी सोलवटून निघाली होती.

"दुखतंय का गं?"

"नाही. बाबांना सांगू नकोस."

आता आईच ती. रविवारी तिने शेजारच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणला आणि वाढीव वाळूच्या जागी तो भरला. पिशवी कशी टम्म फुगली. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. मास्तर वहीत आकडे लिहीत गेले, चाळीस, बेचाळीस, पन्नास. पण पिशवी काट्यावर टाकली असती तर पस्तीससुद्धा भरली नसती.

"आई, हल्ली ओझं वाटतच नाही गं," मुलगी एकदा म्हणाली. चेहरा नुसता फुलला होता. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "अंग तयार झालं, गड्या!"

शिंपीणबाईंनी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, ऐन वेळी अंगात बळ येतंच. म्हणे बळ येतं! इतकी वर्षं कापड बेतलेली बाई, पण पोरीच्या बाबतीत अगदी दुधखुळी.

परीक्षेच्या दिवशी दोघं कुंपणाबाहेर उभी होती. मुलगी हसत आत गेली. पुतळा खांद्यावर घेतला आणि तिचं हसू तिथंच मावळलं. तरी चढली. दीड मजल्यावर गुडघा वाकला, पुतळा गडगडत खाली आला. ती पुन्हा उचलायला वाकली, तर घड्याळवाला साहेब म्हणाला, "पुरे झालं."

मग घरात मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "रोज पन्नास किलो उचलत होतीस. मग तिथं काय धाड भरली? मनच कच्चं तुझं. मनाला कुठून कवायत आणू मी?" मुलगी खाली मान घालून "हो बाबा" म्हणायची. आठ दिवस हेच. ताटावर बसायची आणि दोन घासांत उठायची.

नवव्या दिवशी ती जिन्याखालच्या खोलीत आली, ढिगातला एक सदरा मांडीवर घेतला. "मला काजं करायला शिकव, आई. बाबांचं खरं आहे. मी कच्चीच."

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. हे ऐकून घेणं त्यांच्या जिवावर आलं.

"पिशवीत भुसा होता," त्या म्हणाल्या. "तीस किलोंनंतर वाळू मी घातलीच नाही. तुझे खांदे बघवेनात मला."

त्यांना वाटलं, पोरगी आकांत करेल, कात्री फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. पण ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

"म्हणजे दहा आठवडे," ती हळू म्हणाली. "तरी मी दीड मजला चढले."

"हो."

"खरी वाळू असती तर तीन चढले असते ना, आई?"

आईला हो म्हणावं लागलं.