गुलाबी चादरींचं खापर

हॉटेलच्या धुलाईघरात एकशे चाळीस पांढऱ्याशुभ्र चादरी यंत्रात गेल्या आणि गुलाबी होऊन बाहेर आल्या. कारणही त्यांच्याबरोबरच बाहेर आलं. जेवणाच्या दालनातला लाल मखमली पडदा, मेला गाठोड्याच्या पोटात दडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी भरदुपारीच आई घरी आली. चपला न काढताच खुर्चीत बसली आणि एक कागद लेकीपुढे सरकवला.

"वाच. माझा चष्मा तिकडेच राहिला."

चष्मा तिच्या गळ्यातच लटकत होता. लेकीने तो पाहिला आणि कागद उचलला.

कागद सुपरवायझरचा होता. पाठीमागे सगळे त्याला 'पल्लेदार' म्हणत, कारण 'साबण संपला' एवढं लिहायचं असलं तरी तो 'साबणाचा साठा पूर्णत्वाने लयास गेला आहे' असं लिही. आजही त्याने हात आखडता घेतला नव्हता.

"'गुलाबी झालेल्या चादरींचे संपूर्ण खापर धुलाई विभागातील ज्येष्ठ कर्मचारी यांच्या माथी फोडण्यात येत आहे. सबब त्यांनी सोमवारपासून कामावर येऊ नये.'"

लेकीने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला खुदकन हसू आलं.

"सतरा वर्षांची नोकरी चाललीय आणि ही दात काढतेय!"

"अगं, त्याने काय लिहिलंय ते तरी बघ! ज्याचं चुकलं त्याच्यावर ठपका ठेवतात. आळ घेतला, तर खरं-खोटं अजून ठरायचं असतं. पण खापर? चूक एकाची असते आणि खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटतं. सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय त्याने, की तुझा दोष नाही!"

आईने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागद ओढून घेतला.

"पण मला सांग," लेक म्हणाली, "गाठोडी सोडून बघितली नव्हतीस?"

"रोज बघते. काल विचारलंसुद्धा, साहेब, सोडू का? तर म्हणाला, नको, पाहुणे येऊन ठेपलेत, आहेत तशी टाका. टाकली."

"मग हे बोलली का नाहीस?"

"बोलून काय? माझा शब्द आणि त्याचा शब्द. त्याचा नेहमीच लांब असतो."

तासाभरात दोघी मॅनेजरबाईंच्या खोलीत उभ्या होत्या. पल्लेदारलाही बोलावणं गेलं होतं. लेकीने आपलं व्याकरण एका दमात सांगून टाकलं. आईने तिला दोनदा कोपराने ढोसलं, पण गाडी काही थांबली नाही.

"खापर काय नि ठपका काय, अर्थ एकच!" पल्लेदार म्हणाला. "मी फक्त जरा वजनदार शब्द योजला."

मॅनेजरबाई कागदाकडे बघत राहिल्या.

"आमच्या चिरंजीवांनी परवा सायकल भिंतीवर घातली," त्या म्हणाल्या, "आणि खापर फोडलं ब्रेकवर. ब्रेक ठणठणीत होते. नाही हो, अर्थ एक नाही."

"मग ते खोडून ठपका लिहितो."

"लिहा की. पण ठपका कशाबद्दल, तेही लिहावं लागेल." त्यांनी आईकडे मान वळवली. "ताई, गाठोडी का सोडली नाहीत?"

आता लेकीच्या हातात काही उरलं नव्हतं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"साहेब नको म्हणाले होते. पण मॅडम, हात माझेच होते. घाईत घोळ होतो हे मला सतरा वर्षं ठाऊक आहे. तरी मी ऐकलं."

सगळे पल्लेदारकडे बघू लागले. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. त्या खोलीत त्याच्या तोंडून एवढं छोटं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

मॅनेजरबाईंनी कागद टराटरा फाडला आणि नवा स्वतःच लिहिला. तो संध्याकाळच्या आत धुलाईघराच्या दारावर लागलाही : 'चादरी गुलाबी झाल्या. यापुढे गाठोडी सोडून पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.'

लेक त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झाल्या? आपोआप झाल्या? कोणी केल्या ते कुठंय? आई, या वाक्यात माणूसच नाही!"

"असू दे."

"असू दे काय? त्याचं नाव यायला हवं होतं!"

"माणूस शोधायला बसलीस, तर त्याच्या शेजारी मीही सापडेन," आई म्हणाली. "जा, अभ्यास कर जा."

आणि बाह्या सावरत ती आत गेली. एकशे चाळीस चादरी अजून गुलाबीच होत्या.