शब्दावरची ठेव

मिरचीचे वाफे खुरपून सत्यभामाबाई नुकत्याच बांधावर भाकर सोडून बसल्या होत्या. शेजारच्या शालूबाई धापा टाकत आल्या. नारायणरावांच्या ठेव-पेढीला कुलूप लागले होते आणि नारायणराव बायकामुलांसह जळगाव जामोद सोडून गेले होते.

भाजी विकून बायका गाठीला काही बांधत, पण बँकेची पायरी चढणे बाईमाणसाला शोभत नाही, असे घरोघर मानले जाई. पेढीचा माणूस मात्र पैसे न्यायला दारात येई. पेढीचे उद्घाटन आमदार उत्तमरावांनी केले होते. पेढ्यांची सरकारी तपासणी व्हावी म्हणून कायदा आणतो, बहिणींची कष्टाची कमाई बुडू देणार नाही, असे ते भरसभेत बोलले होते. विधवा सत्यभामाबाईंनी त्यांना भाऊ मानले, त्यांचा प्रचार केला आणि त्यांच्याच शब्दावर सगळ्या वस्तीला पेढीत ठेवी ठेवायला लावल्या. शालूबाईंनी लेकीच्या, पुष्पाच्या, अकोल्यातल्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेव ठेवली होती.

सत्यभामाबाई थेट आमदारांच्या घरी गेल्या. भाऊ काहीतरी करील, याची त्यांना खात्री होती. उत्तमरावांनी चहा मागवला. पेढीवाल्याला धरायला कायदाच नाही, म्हणाले.

"तुमी आननार होते ना, भाऊ?"

विधेयक आले होते, हे त्यांनी सहज सांगितले. आधी ते त्याच्या बाजूने बोललेही होते. पण मतदानाच्या वेळी त्यांनी विरोधात हात वर केला. नारायणरावांची जीप निवडणुकीत राबली होती. त्यांना दुखवून कसे चालणार?

मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुझी ठेव मी नारायणरावाकडून काढून देतो. बाकीच्यांपाशी बोलू नको."

सत्यभामाबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हंजे तो कुठं हाय, हे तुमाले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

सत्यभामाबाई उठल्या. घरापर्यंतची वाट त्यांना दिसत नव्हती. पेढीवाला परका होता. त्याचा त्यांना तितका राग नव्हता.

निवडणूक तोंडावर होती. दुसऱ्या दिवशीच्या सभेत उत्तमरावांच्या माणसांनी नेहमीप्रमाणे सत्यभामाबाईंना बोलायला पुढे केले. त्यांनी पदर सावरला.

"पेढीत पैसे ठेवा, असं मीच तुमाले सांगतलं. यायच्या शब्दावर सांगतलं. कायद्याच्या वक्ती यायनंच विरोधात हात वर केला. अन् काल मले एकटीले माहे पैसे देतो म्हनले, गपचूप. म्या नाई घेतले. नारायनराव कुठं हाय, हे यायले मालूम हाय. माही चूक मी कबूल करतो. यायची यायले इचारा."

कोणीतरी भोंगा बंद केला. पुरुष कुजबुजले. बायका मात्र उठून मंचासमोर आल्या आणि नारायणरावांचा पत्ता मागू लागल्या. उत्तमराव मागच्या बाजूने जीपकडे गेले.

तरीही ते निवडून आले. पुष्पाचे अकोल्याचे शिक्षण राहून गेले. चैत्रात तिचे लग्न उरकले. मांडवात शालूबाई सत्यभामाबाईंशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि सत्यभामाबाईंनीही माफी मागून त्यांना अवघडवले नाही.

आषाढात सत्यभामाबाई एकट्याच खाते उघडायला बँकेत गेल्या. सोबत घरचा माणूस आणा, असे कारकुनाने सांगितले. त्या समोरच्या बाकावर बसल्या.

"साहेबाले बलवा. कोन्त्या कायद्यात असं लिवलं हाय, ते मले वाचून दाखवा. तवर मी हलत नाई."