चाळणीची तुटलेली तार

पिठाच्या चाळणीची तार तुटलेली दिसली, त्या सकाळी सगळे आधी माझ्याकडे पाहू लागले.

मित्रांनो, मी बिस्किटांच्या कारखान्यातलं धातू शोधणारं एक जुनं यंत्र आहे. पट्ट्यावरची बंद पाकिटं माझ्या पोटातून जातात. आत धातूचा कण असला की मी ओरडतो आणि पट्टा थांबतो.

"हा ओरडला नाही, म्हणजे तार पाकिटात गेलेली नाही," फोरमन म्हणाला.

"ओरडेल कसा, भाऊ? त्याचं तोंड आपणच बांधलंय," पट्ट्यावरच्या मावशी म्हणाल्या.

खरं होतं ते. पूर्वी पाकिटं साध्या कागदाची होती. तेव्हा बारीकसा कणही माझ्या हातून सुटत नसे. मावशी मला पुसताना "शहाणं गं माझं बाळ" म्हणायच्या. मग धातूचा मुलामा दिलेली चंदेरी पाकिटं आली. बिस्किटं कुरकुरीत राहू लागली, पण मला प्रत्येक पाकीटच धातूचं वाटू लागलं. मी दिवसभर बोंबलायचो. मेकॅनिक वैतागला आणि त्याने माझे कान मंद केले, म्हणजे बारीक कण मला कळेनासेच झाले. रोज तपासणीसाठी पोलादाची एक बारीक गोळी माझ्यातून सोडत. ती मला कळेना, तेव्हा त्यांनी मोठी गोळी आणली. मी ओरडलो. सगळे खूश झाले. माझ्या मनात मात्र तेव्हापासून धाकधूक होती.

आदल्या संध्याकाळी मावशींनी नातीसाठी एक पाकीट नेलं होतं. त्यांनी घरी फोन लावला.

"सूनबाई, पाकीट फोडलं का गं? संपवलं? तिला उचल आणि आधी डॉक्टरकडे जा. कारण नंतर सांगते."

दुपारी सुनेचा फोन आला. डॉक्टरांनी फोटो काढला होता, पोटात काही नव्हतं. मावशी खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तार दुसऱ्या कुणाच्या घरी गेली असेल."

आदल्या दिवशीचा माल घेऊन गेलेली गाडी परत बोलावली. पाकिटं फोडून बिस्किटं चुरली. चाळणीतून तारेचे दोन तुकडे गेले होते, त्यातला लांब तुकडा मिळाला. काही पाकिटं मात्र आधीच विकली गेली होती.

मित्रांनो, मला नुसतं पुसून भागणार नाही. मला उघड्या बिस्किटांपाशी, पाकीट चढण्याआधी उभं करायला हवं. तिथे मला पूर्वीसारखं सगळं कळेल. मेकॅनिक जागा पाहून गेला आहे.

मला अजून हलवलेलं नाही. तारेचा आखूड तुकडा अजून सापडलेला नाही.