तारखेचा शर्ट

“आजोबा, तारीख ठरली!” नात दारातूनच ओरडली.

किल्लीवाले आजोबा उठले, कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री तापत ठेवली.

“अहो, माझ्या लग्नाची तारीख!” हसावं की रडावं, तिलाच कळेना.

आजोबांची तरी काय चूक? त्या घरात तारीख या शब्दाला बारा वर्षं एकच अर्थ होता. नात चार वर्षांची असताना शेजारच्या माणसाने तिच्या आईबापांचा खून केला. त्याला जन्मठेप झाली. दहा वर्षं सरली आणि त्याला पॅरोलवर सोडावं का, हे ठरवायला मंडळ दरवर्षी बसू लागलं. दरवर्षी आजोबा हा शर्ट घालून जायचे, त्याच्यासमोर बसून आपला जबाब वाचायचे आणि घरी आले की दोन दिवस जेवायचे नाहीत. जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिली, पण हे एक कुलूप बंद राहावं म्हणून वर्षाकाठी धावाधाव ठरलेली.

“कुठल्या महिन्यात?” त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. “नेमका सुनावणीचाच गं?”

“नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आपलं बापडं एकच आहे, पण दरवर्षी न चुकता येतं,” ती म्हणाली. “ढकलू या पुढे. तुमच्याशिवाय लग्न नाही आणि तुम्हाला तिथे एकटं पाठवणं नाही. उलट आता मीच वाचत जाईन.”

आजोबांना हीच तर भीती होती. आपल्या माघारी ही पोर त्या खोलीत त्या माणसासमोर बसणार.

दुसऱ्या दिवशी शर्ट घालून ते मंडळाच्या कचेरीत गेले. सुनावणी पुढेमागे होते का, विचारायला. टेबलामागच्या बाई त्यांना बारा वर्षं ओळखत होत्या.

“बसा, आजोबा. पत्र मिळालं नाही का?”

“कसलं पत्र?”

“कायदा बदललाय. एकापेक्षा जास्त खून केलेल्यांची सुनावणी आता दरवर्षी घ्यायलाच हवी असं नाही. मंडळ दहा वर्षांपर्यंत पुढे ढकलू शकतं. तुमची परवाच ढकलली. पूर्ण दहा.”

आजोबांनी बोटांवर हिशेब केला. “तेव्हा मी त्र्याऐंशीचा. असलो तर. आणि नसलो, तर पोरीला यावं लागेल?”

“नाही. तुमचे सगळे जबाब फाइलला आहेत, तेच वाचतील. तिला वाटलं तरच तिने यायचं.”

आजोबांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले आणि त्यांनी ते बाईंसमोरच बाहीला पुसले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“मग याचं काय करू? यंदाचा सकाळीच लिहिला.”

बाईंनी वाचला. सगळं तेच, फक्त शेवटची ओळ नवी. लेकीला आणि जावयाला जे बघायला मिळालं नाही, त्याची एक ओळ आजोबा दरवर्षी वाढवत. पोरगी दहावी झाली. पोरगी पोहायला शिकली. पोरीला नोकरी लागली. यंदा लिहिलं होतं, पोरीचं लग्न ठरलं.

“हे त्याच्यासमोर वाचायचं नाही आता?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “घरी घेऊन जा. घरची गोष्ट आहे ती.”

दुकानावर नात वाट बघत उभी होती. तिच्या हातात किल्ली होती.

“आम्ही भाड्याने घेतलेल्या घराची आहे. अजून दोन करून द्या.”

“दोन कशाला? ही तुझी, एक नवरदेवाची.”

“आणि एक तुमची.”

आजोबांनी कागद तिच्या हातात दिला. “लग्न तू ठरवलंस त्याच दिवशी. ढकलायचं ते दहा वर्षं ढकललं गेलंय.” मग कचेरीतलं सगळं सांगितलं.

शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागली. आजोबांनी मशीन सुरू केली. पितळेचा कीस उडू लागला तशी ती भानावर आली.

“आजोबा, शर्ट! तारखेचा शर्ट अंगात आहे तुमच्या!”

“असू दे,” आजोबा म्हणाले. पहिली किल्ली त्यांनी तिच्या हातावर ठेवली, तेलकट बोटं शर्टालाच पुसली आणि स्वतःची कापायला घेतली.